गाडा मामानं आणायचा असतो

"हे बटण दाबा, मग बघा," दुकानदार म्हणाला.

मी दाबलं. प्लॅस्टिकच्या सिंहाचे डोळे पेटले आणि त्यानं इंग्रजी बाराखडी सुरू केली. इतक्या जोरात, की पलीकडं तीनचाकी सायकल बघणारी बाई दचकून बाजूला झाली.

"आवाज कमी होतो का ह्याचा?"

"बारक्या पोरास्नी मोठाच आवडतोय ओ."

"आमच्या पोरीला नाही आवडत. कमी होतो का सांगा."

दुकानदारानं सिंह उलटा केला, पोटाखाली बघितलं, परत सुलटा केला. "नसंल होत."

"मग राहू दे. दुसरा दाखवा."

रणधीर दाजी शेजारी उभे होते. म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. मोबाईलमध्ये बघत म्हणाले, "दिगू, घे की कुठलातरी. सगळे सारखेच असतात."

"सारखे कसे दाजी? ह्याची चाकं बघा. नुसतं प्लॅस्टिक. तुमच्या हॉलमध्ये गुळगुळीत फरशी. गाडा पळणार पुढं आणि पोरगी पडणार तोंडावर."

दाजी परत मोबाईलमध्ये.

दुकानदारानं मग गोल वॉकर काढला, मधे बसवायचा. मी हातानंच नको म्हणलं. "ह्यात पोरं टाचा टेकवत नाहीत. चवड्यावर चालायची सवय लागते. मागनं धरून ढकलायचाच पाहिजे."

"तुम्ही काय कंपनीचे साहेब हाय काय?" दुकानदार हसला.

"साहेब कुठले, मोबाईल दुरुस्त करतो. जयसिंगपुरात."

"आणि हे कुठं शिकलासा? टाचांचं?"

"मोबाईलवरच."

खरंच तिथंच शिकलो होतो. मी सगळं तिथंच शिकलोय. बारावीला गटांगळी खाल्ली, त्यानंतर मोबाईल उघडायचा कसा ते मोबाईलमध्येच बघून शिकलो. पुढं घरात तान्हं बाळ आलं तेव्हा बाळाचं पण तिथंच बघितलं.

मला इचलकरंजीला दाजींनीच बोलवून घेतलं होतं. फोन आला, "रविवारी गार्गीचं जावळ आहे. वाढदिवस पण करून टाकतोय त्यातच. शनिवारी तू ये, तिला चालायचा गाडा घेऊ. आवाजाचा, दिव्याचा आलाय बघ, तसला. तुला त्यातलं कळतं."

आमच्या भागात अजून पांगुळगाडाच म्हणतात त्याला. पूर्वी सुतार करून द्यायचा, लाकडाचा, तीन चाकांचा. आता पुढं पियानो असतो, टेलिफोन असतो, गाणी असतात. पण एक गोष्ट बदललेली नाही. गाडा मामानं आणायचा. आणि जावळ काढायचं ते मामाच्या मांडीवर बसवून. हे कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यांना माहीतच असतं.

गार्गीचा मामा मी. एकुलता एक. त्यामुळं फोन ठेवल्या ठेवल्या मी समजायचं ते समजलो. आईला हाक मारून सांगितलं, "आई, बोलवलं गं आपल्याला! गाडा घ्यायला बोलवलंय!"

आई भाकरी थापत होती. ती तशीच थांबली, हात पिठात. मग म्हणाली, "मी म्हणत हुतो न्हवं? माणूस वाईट न्हाई त्यो."

आई आमची अशीच बोलते, 'म्हणत हुतो', 'जातो', 'येतो'. तिकडच्या सगळ्याच बायका बोलतात.

तर दुकानात. शेवटी एक सापडला. अस्वलाच्या तोंडाचा. पाया रुंद, चाकांना रबराची पट्टी, सेलच्या झाकणाला स्क्रू. म्हणजे पोरगी सेल काढून तोंडात घालणार नाही. आवाजाला दोन टप्पे. मी बारक्या टप्प्यावर लावला आणि कान लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी गाणी ऐकली.

"सगळी ऐकणार व्हय?" दुकानदार म्हणाला.

"एखादं कर्कश निघालं तर? तिला रेल्वेचा भोंगा पण सहन होत नाही. काळीनिळी पडते रडून."

हे मला माहीत होतं. बापाला माहीत नव्हतं. दाजींनी तेव्हा मान वर करून माझ्याकडं बघितलं, ते आठवतंय.

"मामा काय तुम्ही?" दुकानदारानं विचारलं.

"मग!" मी म्हणलं. छाती जरा पुढंच आली असणार.

"तरीच. बाप कुठला एवढं बघतोय." त्यानं दाजींकडं बघून डोळा मारला. दाजी हसले नाहीत. बाहेर बघत होते, रस्त्याकडं.

पैसे द्यायला मी खिशात हात घातला, तोपर्यंत दाजींनी मोबाईल पुढं करून भागवलं पण होतं.

"दाजी, हे काय? मामानं द्यायचं असतं ते."

"असू दे रे."

"असू दे काय? माझा मान आहे तो."

"मागनं बघू, चल." आणि खोकं उचलून त्यांनी गाडीच्या डिकीत ठेवलं. "मोटरसायकलवर कुठं नेतोस एवढं मोठं. उद्या या सगळे. आईंना घेऊन ये."

मला वाटलं, माझं दुकान नवीन, भाडं थकलेलं, ते बघून केलं असंल. भला माणूस. परत येताना सबंध रस्ताभर मला तसंच वाटत राहिलं.

आता ताईचं सांगतो. टाळत होतो, पण सांगायला लागणार.

स्वप्नाली नाव तिचं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. गार्गीच्या बाळंतपणात गेली. आमच्याकडंच आली होती पहिल्या बाळंतपणाला, जशा येतात. पोरगी झाली, ताई गेली. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

दाजी आणि त्यांची आई मातीला आली, दिवसकार्याला आली. बाळ मात्र आमच्याकडंच राहिलं. "आमच्यात बघायला कोण हाय?" दाजींची आई म्हणाली. खरंच होतं. मग आईनं वाढवली तिला. वरचं दूध, वाटी-चमचा, रात्रीचं जागरण, सगळं. दुकानाच्या मागच्याच खोलीत आम्ही राहतो. दिवसभर पाळणा माझ्या काउंटरला लागून. गिऱ्हाईकाच्या मोबाईलची रिंगटोन वाजली की गप्प व्हायची. मी दहा-दहा रिंगटोन वाजवून झोपवलंय तिला. गिऱ्हाईक म्हणायचं, "दिगंबर, लेक काय रे?" मी म्हणायचो, "भाची."

उठून बसायला लागली, रांगायला लागली आणि दाजींचं दुसरं लग्न झालं. प्रतीक्षा नाव त्यांचं. लग्नानंतर आठवड्याभरात दोघं येऊन पोरीला घेऊन गेले. बापच तो. आम्ही कोण नाही म्हणणार? आईनं दुपटी धुऊन, घडी करून दिली. पाळणा पण दिला.

त्यानंतर बोलावणं नव्हतं. आई फोन करायची तर "झोपलीया", "फिरायला नेलीया". एक सण गेला, दुसरा गेला. आईनं फोन करायचं बंद केलं. नुसता हातात धरून बसायची.

म्हणून सांगतो, त्या गाड्याच्या फोनला आमच्या घरात काय किंमत होती. तो गाडा म्हणजे मला खेळणं नव्हतंच. मी मामा आहे, आम्ही तिचं आजोळ आहे, येणं-जाणं राहणार आहे, एवढं सगळं त्याच्यात होतं.

शनिवारी संध्याकाळी आईनं माझा शर्ट दोनदा इस्त्री केला. जुन्या मऊ लुगड्याची कुंची शिवून ठेवली होती, तिला बंद लावत बसली. रव्याचे लाडू केले. शेजारच्या हिराक्का डोकावल्या.

"काय मामा, मांडी धुऊन ठिवलीस काय? पोरगी वस्ताऱ्याला भिऊन धार सोडणार बघ नव्या पँटीवर."

"सोडू दे की," आई म्हणाली. "मामाच्या मांडीवर न्हाई तर कुठं सोडणार?"

दोघी किती हसल्या. ताई गेल्यापासून आईला मी तसं हसताना बघितलं नव्हतं.

रविवारी सकाळी हातकणंगल्याला, दाजींच्या गावी पोचलो. दाजींच्या दारात छोटा मांडव, खुर्च्या, फुगे. माणसं बरीच होती. आई मोटरसायकलवरनं उतरली, पदर नीट केला, लाडवाचा डबा छातीशी धरला आणि माझ्या पुढं चालायला लागली. एरवी ती कायम मागं असते.

"या, या," दाजींची आई म्हणाली. सुलोचनाकाकी. "बसा. चहा घ्या." खुर्ची दाखवली ती अगदी मागची, जिन्याजवळची. डबा घेतला आणि आत गेली. डोळ्याला डोळा दिला नाही.

प्रतीक्षावहिनी गार्गीला घेऊन बाहेर आल्या. पोरगी अंगानं भरली होती. केस कानावर आलेले, लाल फ्रॉक. आई उठलीच.

"गारू! माझं सोनं गं! बघ कोण आलंय!"

गार्गीनं आईकडं बघितलं. नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसं एखाद्या परक्या माणसाकडं बघतात. आणि तोंड फिरवून वहिनींच्या मानेत घातलं.

"घ्या की, घ्या," वहिनी म्हणाल्या. चांगल्या मनानं म्हणाल्या, खोटं कशाला सांगू. त्यांनी पोरगी आईकडं दिली पण. आणि पोरगी रडली. रेल्वेच्या भोंग्याला रडायची तशी, श्वास धरून. आईनं थोपटलं, जुनं काहीतरी गुणगुणली, गाल लावला. रडं थांबेना.

"झोप झाली नसंल तिची," आई म्हणाली आणि परत दिली. वहिनींच्या खांद्यावर गेली तशी गप्प.

आई बसली. "इसरलीया," म्हणाली, "चार म्हैन्यात पोरं इसरत्यात. परत यायला-जायला लागलं की वळखंल."

"हो."

"तुझ्या मांडीवर गप बसते का बघू आता."

मांडवात पाट मांडला. पाटावर तांदूळ, शेजारी ताम्हन. न्हावी वयस्कर होता. वस्तारा पुसत त्यानं हाक दिली, "मामा कुठं हाय पोरीचा? चला मामा, मांडी घालून बसा."

मी उठलो. बाह्या वर केल्या, चप्पल काढली. दोन-तीन पावलं चालून पाटाजवळ पोचलो पण होतो.

समोरून एक जण आला. माझ्याच वयाचा. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात नवा कुर्ता, कपाळाला कुंकू. आहेर करून बसवलेला. तो पाटाजवळ थांबला आणि माझ्याकडं बघितलं. त्याला मी कोण ते माहीत नव्हतं बहुतेक. तो हसला. मला वाट द्यावी का घ्यावी, अशा बेतात.

न्हावी म्हणाला, "दोन-दोन मामा? नशीबवान हाय की पोरगी!"

माणसं हसली. सुलोचनाकाकी लांबनंच ओरडली, "दिगू, अरे चहा घेतलास काय तू? बस की तिकडं." मग त्या फेटेवाल्याला, "हर्षद, बसा, बसा तुम्ही. मुहूर्त चाललाय."

तो बसला. वहिनींचा भाऊ.

माझ्या दंडाला हात लागला. दाजी. मला त्यांनी जिन्याखाली नेलं, जिथं चपला आणि रिकामी खोकी ठेवली होती. अस्वलाचं खोकं पण तिथंच होतं, फोडलेलं, रिकामं.

"दिगू, ऐक."

"दाजी, तो कोण बसलाय तिथं?"

"ऐक तर. प्रतीक्षाच्या माहेरच्यांचं म्हणणं पडलं. लग्न ठरतानाच. पोरगी आमची म्हणून घेतो म्हणाले, सावत्र शब्द घरात नको. मग आई एक, तर आजोळ पण एकच पाहिजे ना? मामा पण. दोन-दोन झाले की पोरगी विचारणार. शेजारपाजारचे सांगणार."

"मग मला गाडा घ्यायला कशाला बोलवलं?"

बाहेर कुणीतरी फुगा फोडला, पोरं ओरडली.

"मला तिथंच सांगायचं होतं तुला," दाजी म्हणाले. "दुकानात. त्याचसाठी बोलवलं होतं. तू बटणं दाबून बघत होतास, गाणी ऐकत होतास... जीभ उचलेना रे. मग म्हणलं, निवडू दे ह्यालाच. काहीतरी तुझं असू दे तिच्याकडं."

"पण देणार तो."

"देणार तो."

मला त्यांना मारावं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून कधीकधी वाटतं. पण ते उभेच असे होते, एखाद्यानं मारावं म्हणून उभं राहतात तसे. हात उचलला नाही माझा.

"आईला काय सांगू मी?"

"कधीही या. पोरगी बघा, खेळवा. मी कुणाला अडवू देणार नाही. फक्त तिच्यापुढं स्वप्नालीचं नाव नको. आणि मामा, आज्जी असलं काही..." त्यांचं त्यांनाच बोलवेना. "मोठी झाली की मी सांगीन. शपथ घेतो."

"आणि नाही पटलं आम्हाला तर?"

"मग माझ्या हातात काही राहत नाही, दिगू. ही माणसं आज पण तुम्हाला बोलवायला तयार नव्हती. मी भांडून बोलवलंय."

म्हणजे हे पण उपकारच.

बाहेर आलो तर जावळ निम्मं झालं होतं. आत्या पदर पसरून केस झेलत होती. आणि मी उभा राहून एकाच गोष्टीची वाट बघत होतो. ती रडायची. आईच्या कडेवर रडली तशी रडू दे. सगळ्यांसमोर हातपाय झाडू दे. मग कुणीतरी म्हणंल, द्या त्या दुसऱ्या मामाकडं.

ती रडली नाही. फेट्याचा शेमला हातात धरून चोखत बसली. न्हावी म्हणाला, "कसं गुणाचं हाय बघा. मामाची मांडी बरोबर कळतीया." 

आईकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. ती बघत होती. तिला सांगायची गरजच नव्हती. पिशवीतली कुंची काढून तिनं मांडीवर ठेवली होती आणि तिचे बंद सरळ करत होती. परत परत, सरळच असलेले.

टक्कल झाल्यावर आई उठली, वहिनींजवळ गेली. "डोक्याला गार लागंल. ही घाला."

"अगं, हर्षदनं आणलीया की टोपी," सुलोचनाकाकी म्हणाली, "मोत्याची."

"राहू द्या, आई. ही मऊ आहे," वहिनी सासूला म्हणाल्या आणि कुंचीच बांधली. बांधताना आईकडं बघितलं, फार वेळ नाही. मला त्या बाईचा राग करायला जमलं नाही कधी. जमलं असतं तर सोपं गेलं असतं.

मग केक, ओवाळणी. मग गाडा. हर्षदनं दोन्ही हातांनी उचलून गाडा मधोमध ठेवला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. "मामानं काय झ्याक आणलाय!" कुणीतरी म्हणालं. त्यानं बटण दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. अस्वल गप्प.

"बिघडलेला दिला का काय दुकानदारानं?" तो म्हणाला.

"त्याला काय झालं? आमचा मोबाईलवाला आलाय की," सुलोचनाकाकी म्हणाली. "ए दिगू, बघ रे जरा."

एक पाहुणी शेजारणीला विचारत होती, "हा कोण?" आणि ती सांगत होती, "मोबाईल दुरुस्त करतो म्हणे. ह्यांच्या ओळखीचा आहे."

मी उठलो. का उठलो ते मला सांगता येणार नाही. पोरगी वाट बघत होती, डोळे अस्वलावर, म्हणून असंल. खाली बसलो. सेलच्या खाली प्लॅस्टिकची पट्टी असते, सेल उतरू नयेत म्हणून. दुकानात ऐकला तो नमुन्याचा होता; ह्या खोक्यातल्याची ती ओढायची राहिली होती. ओढली. आवाज बारक्या टप्प्यावर केला. अस्वल गायला लागलं, हळू. गार्गी हसली. वरचे दोन दात आले होते, ते मी पहिल्यांदाच बघितले.

"उभी करा, उभी करा तिला!"

वहिनी केक वाटत होत्या. पोरगी माझ्या पुढ्यातच होती. मी तिला काखेत धरून उभी केली, दोन्ही मुठी दांड्यावर ठेवल्या. नवीन पावडरचा वास येत होता. आमच्याकडं असताना वेगळा यायचा.

हर्षद मांडवाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उकिडवा बसला. एका हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. दुसरा हात पसरलेला.

"ये, ये, गारू! मामाकडं ये!"

तिच्या कमरेला मागनं माझे हात. ते सोडल्याशिवाय ती जाणार नव्हती. सोडले तर जाणार होती, त्याच्याकडं. तिचे पाय थरथरत होते. सगळी माणसं थांबली होती, आणि दाजी खांबाला टेकून माझ्याकडंच बघत होते. पोरीकडं नाही.

"सोडा की ओ," हर्षद हसत म्हणाला. "कितीवेळ धरणार?"

मी सोडले.

टाच टेकवून चालली. सरळ. एकदा अडखळली, पण पाया रुंद होता, तोललं. गाडा त्याच्या गुडघ्याला जाऊन लागला आणि त्यानं उचलून तिला हवेत उडवली. टाळ्या. त्या व्हिडिओत मी असणार, सुरवातीला, नुसते हात.

परत येताना रेल्वे फाटक बंद होतं. मी गाडी बंद केली.

"आई, आता परत यायचं नाही इथं."

"का?"

"का म्हणजे? मोबाईलवाला म्हणाली मला ती म्हातारी."

"हायसच की तू मोबाईलवाला."

"आणि मग तू कोण आहेस? ते ठरलं का?"

रेल्वे आली, भोंगा देत गेली. सगळे डबे जाईपर्यंत आई तिकडंच बघत राहिली.

"मला कोणबी म्हणू देत," ती म्हणाली. "भांडी घासायला येती म्हणून सांगू देत. पर मी येणार. तुझ्या मानापायी माझी पोरगी बघायची बंद करू नगंस."

फाटक उघडलं. मागचे हॉर्न मारायला लागले.

आता गार्गी दुसरीला आहे. दाजींनी शब्द पाळला, निम्मा. कुणाला अडवू दिलं नाही, पण सांगितलं पण नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ते तिला घेऊन माझ्या दुकानात येतात. मोबाईल पुढं करतात. "बघ रे दिगू, चार्ज उतरतोय लवकर." मी उघडतो. काहीही झालेलं नसतं. मी पुसून, बंद करून, बराच वेळ लावून परत देतो. तेवढ्यात आई पोरीला लाडू देते, वेणी सारखी करते. गार्गी मला काका म्हणते. आईला पण काकी.

यायच्या आधी दाजी फोन करतात. फोन आला की आई काउंटरच्या मागच्या भिंतीवरचा ताईचा फोटो काढते आणि आत नेऊन ठेवते. ते गेले की परत लावते. ह्याच्यावर आम्ही दोघं कधी बोललेलो नाही.

गेल्या रविवारी ते फोन न करता आले. नृसिंहवाडीवरनं येताना वाटेत थांबले. मी स्क्रीन बदलत होतो, हात अडकलेले. वर बघितलं तर गार्गी काउंटरवर हनुवटी टेकवून उभी. भिंतीकडं बघत.

"काका, ही कोण?"

दाजी दारातच थांबले. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तोंडापर्यंत आलं होतं, खरंच आलं होतं. तुझी आई. दोनच शब्द. दाजींनी शपथ घेतली होती ती त्यांनी मोडली, मग माझ्यावर कसलं बंधन? मी तोंड उघडलं.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आतनं आली. तिनं पोरीकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं बघितलं तेव्हा मान अगदी बारीक हलवली. नको.

"ती व्हय?" आई म्हणाली. "आमच्या वळखीची हुती एक पोरगी. लांब दिली तिला."

"कानातले छान आहेत तिचे."

"व्हय. लई हौस हुती तिला. पाणी पी बाळ, उन्हाची आलीस."

गार्गीनं पाणी प्यायलं. दाजींनी मोबाईल पुढं केला आणि मी घेतला. आई तांब्या घेऊन आत गेली. थोड्या वेळानं आतनं भांडी घासायचा आवाज यायला लागला, जोरजोरात. भांडी सकाळीच घासून झाली होती.